पुढे चाल

"मॅडम, पेढा घ्या. आपण शेवटच्या आठांत."

धोंडूभाऊ घाडी यांनी पेढ्यांचा खोका माझ्यापुढे धरला. मी पेढा न घेता विचारले, "कोणाला हरवून?"

"कोणालाच नाही. पुढे चाल मिळाली."

परळच्या मैदानावर मुलींचा सराव संपत आला होता. सामन्याला अजून तीन दिवस होते. प्रतिस्पर्धी भुवनेश्वरहून निघालेसुद्धा नसावेत. जो सामना झालेला नाही आणि ज्याला कोणी गैरहजर राहण्याची वेळही आलेली नाही, त्याची पुढे चाल मिळते कशी, एवढेच मला समजून घ्यायचे होते. धोंडूभाऊंना मात्र ते समजावून सांगण्यापेक्षा खोका रिकामा करण्याची घाई होती.

राष्ट्रीय महिला क्लब चषकाचा नियम साधा आहे. हरलात की बाद. साखळी नाही, गुणांची बेरीज नाही, दुसरी संधी नाही. लालबागचे आमचे विजयदुर्ग क्रीडा मंडळ मुळात कबड्डीचे. गिरणीत असताना धोंडूभाऊ तिथलेच चढाईपटू, आता अध्यक्ष. फुटबॉलचा महिला संघ गौतम मर्चंडे यांनी उभा केला आणि तेच प्रशिक्षक. मी एका प्रयोगशाळेत जीवरसायनशास्त्राचे काम करते आणि संध्याकाळी या संघाची व्यवस्थापक असते. ऑगस्टपासून आम्ही राज्याच्या फेऱ्या जिंकल्या, मग केरळच्या संघाला पेनल्टीवर हरवले आणि शेवटच्या सोळांत आलो. गिरणगावातल्या एखाद्या महिला संघाने यापूर्वी असे काही केल्याचे माझ्या माहितीत नाही.

आमची कर्णधार प्राची ही गौतमची पुतणी. मधल्या फळीत खेळते, नायगावला राहते आणि वडाळ्याच्या एका कुरिअर कंपनीत कंत्राटावर पार्सले स्कॅन करते. एका सरकारी कंपनीत खेळाडूंची भरती निघणार होती. अट अशी की उमेदवार राष्ट्रीय चषकाच्या शेवटच्या आठांत प्रत्यक्ष खेळलेली असावी. वयाची मर्यादा प्राचीला पुढच्या वर्षापर्यंतच सांभाळून घेणार होती. म्हणजे तिला हा हंगाम आणि फार तर पुढचा. शेवटच्या सोळांतला हा सामना इतर मुलींसाठी सामना होता. तिच्यासाठी ती नोकरी होती.

तारीख पडली होती सहा डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. संघातल्या निम्म्या मुलींची घरे त्या दिवशी शिवाजी पार्कात पाण्याच्या, जेवणाच्या मंडपांवर राबत असतात. बाहेरगावाहून आलेल्या माणसांनी दादर भरलेले असते. त्यामुळे तारीख बदलून मिळावी असे पत्र मी चषक कार्यालयाला लिहिले होते. उत्तराचा फोन माझ्याकडे आला नाही. मंडळाचा अधिकृत नंबर म्हणून धोंडूभाऊंचाच नंबर द्यायचा, हा त्यांचा आग्रह होता.

"सहा डिसेंबरचा मान राखला साहेबांनी," ते म्हणाले. "मला स्वतः फोन. म्हणाले, तुम्हाला वॉकओव्हर."

गौतमने टोपी काढली. "राष्ट्रीय पातळीवर असं कोणी केलं नव्हतं," तो म्हणाला.

"मान राखायचा असता तर तारीख बदलली असती," मी म्हणाले. "त्यासाठी भुवनेश्वरच्या मुलींना घरी का बसवतील? त्यांनी काय केलं?"

"मॅडम, तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो."

"लागतो."

"भाऊंनी फोनवरच गोल मारला, तो मोजा ना," गोलरक्षक म्हणाली आणि मुली हसल्या. प्राचीही हसली. तिने दोन पेढे घेतले, एक घरी न्यायला.

त्याच संध्याकाळी मी कार्यालयाला लेखी खुलासा मागितला. उत्तर आले नाही. मग मी सुचवले की काहीही असो, सहा तारखेला अकरा जणींनी किट घालून मैदानावर हजर राहावे. खरेच पुढे चाल मिळालेली असेल तर एक चक्कर फुकट जाईल, याहून अधिक नुकसान नाही. धोंडूभाऊंना हा अपमान वाटला.

"पुढे चाल मिळालेला संघ मैदानात जाऊन उभा राहतो कधी? लोक हसतील. आणि माझ्या शब्दावर विश्वास नाही असा अर्थ होतो त्याचा."

"तुमच्या शब्दाचा प्रश्न नाही. त्यांच्या शब्दाचा आहे."

"तो मी ऐकला. या कानांनी."

गौतमही त्यांच्याच बाजूने होता. मुलींनी मंडपांवरच्या पाळ्या घेऊन टाकल्या होत्या. लालबागच्या नाक्यावर तोवर फलकही लागला: उपांत्यपूर्व फेरीत दिमाखदार प्रवेश. फलकावर धोंडूभाऊंचा चेहरा संघाच्या छायाचित्राच्या चौपट होता.

आठ तारखेला कार्यालयाचे उत्तर आले, एका ओळीचे. फोनवर ठरल्याप्रमाणे आपल्या संघाने वॉकओव्हर दिल्याची नोंद करण्यात आली आहे. सोबत शेवटच्या आठांची सोडत होती. तिच्यात भुवनेश्वर होते. आम्ही नव्हतो.

मंडळाच्या कार्यालयात सगळे जमले तेव्हा प्राची धोंडूभाऊंच्या टेबलासमोर उभी राहिली. कुरिअर कंपनीचा निळा टी-शर्ट तसाच अंगात होता.

"भाऊ, फोनवर ते काय बोलले आणि तुम्ही काय बोललात, ते जसंच्या तसं सांगा."

"सांगितलं ना. वॉकओव्हर दिला."

"शब्द सांगा. त्यांचे."

धोंडूभाऊंनी डोळे मिटून आठवले. "ते म्हणाले, डेट चेंज नहीं होगा. तो आप वॉकओव्हर दे रहे हैं, राइट?"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हां हां साहब, दे दो. बहुत मेहरबानी."

मला जे कळले ते इतके सरळ होते की संताप येण्याआधी मी ते मनात पुन्हा एकदा तपासून पाहिले. कबड्डीच्या मैदानावर समोरचा संघ आला नाही की पंच शिट्टी मारतात आणि आयोजक हजर संघाला पुढे चाल देतात. देणारे आयोजक, घेणारा जिंकणारा. धोंडूभाऊंनी आयुष्यभर पुढे चाल घेतली होती, दिली होती ती आयोजक म्हणून. वॉकओव्हर देतो तो मात्र न खेळणारा संघ. क्रियापद एकच, कर्ता वेगळा. अधिकाऱ्याने विचारले होते, तुम्ही माघार घेताय ना? आणि आमच्या अध्यक्षांनी त्याला, होय, द्या, असे सांगून वर आभार मानले होते.

"म्हणजे आपणच?" गौतमने विचारले.

"आपण नाही. भाऊंनी," प्राची म्हणाली.

"ए, जीभ सांभाळ," कोणीतरी मागून म्हणाले.

"सांभाळतेय म्हणून इतकंच बोलले."

मला अधिकाऱ्याचाही राग होता. तारीख बदलणार नाही हा निर्णय त्याने लेखी का दिला नाही? सहा डिसेंबरला मुंबईत सामना ठेवण्यापूर्वी कॅलेंडर का पाहिले नाही? त्यावर भांडता आले असते आणि ते भांडण खरे होते. पण त्यासाठी आधी आमची गफलत कबूल करावी लागणार होती. मी दाद मागितली. सुनावणी व्हिडिओवर ठरली. फोनचे ध्वनिमुद्रण कार्यालयाकडे होते, म्हणजे पुरावा त्यांच्या बाजूचा आणि आमच्याही बाजूचा. माझा मुद्दा एवढाच होता की स्वतःला बाद करून घेताना कोणताही संघ आभार मानत नाही. प्रश्न चुकीचा समजला, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

"भाऊ, तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं," मी त्यांना सांगितले. "मला प्रश्न नीट समजला नाही. बस. बाकी मी बोलते."

"बोलतो ना. त्यात काय."

त्यांनी ते वाक्य मराठीत आणि हिंदीत दोनदा म्हणूनही दाखवले. प्राची कोपऱ्यात बसून ऐकत होती. दुसऱ्या वेळी तिने होकारार्थी मान हलवली.

सुनावणीत तीन चेहरे होते, तिघेही दिल्लीत. ध्वनिमुद्रण वाजवले. धोंडूभाऊंचा आवाज प्रसन्न होता. शेवटच्या मेहरबानीला त्यांनी खास लांबण लावली होती. माझा युक्तिवाद मी मांडला. मधल्या गृहस्थांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "मॅडम, लोग पोलाइट होते हैं." मग त्यांनी थेट विचारले, "घाडी जी, आपको हिंदी समझ में आती है? आपने क्वेश्चन समझा था?"

धोंडूभाऊ खुर्चीत ताठ झाले. मागे मंडळाचे पाच-सहा जण उभे होते. शेजारच्या गल्लीतला, त्यांच्याविरुद्ध मंडळाची निवडणूक लढवलेला एक जणही होता.

"साहब, पच्चीस साल मिल में काम किया. यूनियन में भाषण किया. मेरे को सब समझता है."

"तो क्वेश्चन समझा था?"

"एकदम बराबर समझा था."

'मेरे को सब समझता है' हे मोडक्या हिंदीतले वाक्य माझ्या बाजूचा सर्वोत्तम पुरावा होते, आणि ते ऐकूनही ज्यांना तो दिसला नाही, त्यांच्यापुढे मी आणखी काय मांडणार? मी बोलायला लागले तेव्हा मधले गृहस्थ म्हणाले की प्रेसिडेंट स्वतः कन्फर्म करत आहेत. दाद फेटाळली. पडदा काळा झाला.

प्राची उठली नाही. "भाऊ, एक वाक्य होतं," ती म्हणाली.

"तू काय समजतेस? त्या दिल्लीवाल्यांसमोर मी अडाणी म्हणून उभा राहू? माका हिंदी येना नाय, असा सांगू?"

"हो. तेवढंच."

त्यांची पत्नी शांतावहिनी चहा घेऊन आल्या होत्या. मंडळाचे कार्यालय आणि त्यांचे घर एकाच मजल्यावर आहे, त्यामुळे सुनावणी त्यांनी दारातून ऐकली होती. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "पोरीचा वर्स घालवलास," त्या म्हणाल्या, "आणि वर ताठ बसलस. चाय घेवा, नायतर थंड होतली." धोंडूभाऊंनी चहा घेतला. मी घेतला नाही.

पुढचा प्रश्न प्राचीच्या दुसऱ्या हंगामाचा होता. पुण्याच्या एका क्लबने तिला बोलावले होते; त्यांचा संघ मजबूत होता आणि पुढच्या चषकात शेवटच्या आठांपर्यंत जाण्याची शक्यता आमच्यापेक्षा कितीतरी अधिक होती. अडथळा एकच. जुन्या मंडळाचा ना हरकत दाखला डिसेंबर संपण्यापूर्वी द्यावा लागतो आणि त्यावर अध्यक्षांची सही लागते.

धोंडूभाऊंनी नकार दिला नाही. अट घातली. मंडळाने संघाचा सत्कार ठेवला होता, हॉल घेतला होता, पाहुणे सांगून झाले होते. नाक्यावरच्या फलकाचे काय झाले, असे लोक विचारत होते.

"तू दोन शब्द बोल," ते प्राचीला म्हणाले. "सहा डिसेंबरची सुट्टी मागितली म्हणून दिल्लीवाल्यांनी आपल्याला मुद्दाम बाद केलं, एवढं सांग. तू सांगितलंस तर लोक मानतील. सही तिथंच करतो, स्टेजवर."

तिनेच का सांगायचे, हे त्यांनी स्पष्ट केले नाही. गरज नव्हती. मर्चंडे आडनावाच्या, सहा डिसेंबर पाळणाऱ्या घरातल्या मुलीने ते सांगितले तर उलट प्रश्न विचारण्याची कोणाची छाती झाली नसती. गौतम तिथेच होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि वाटले, हा आता टेबल उलटणार.

"भाऊ," तो हळू म्हणाला, "त्या दिवसाला तुमच्या फोनमध्ये ओढू नका."

"अरे पण तारीख त्यांनी बदलली नाही, हे तर खरं ना?"

"खरं आहे. म्हणूनच सांगतोय. त्या खऱ्याला तुमचं खोटं चिकटलं, तर उद्या ते खरंही कोणी ऐकणार नाही."

मी गेली पंचवीस वर्षे विज्ञानात काढली. इतके नेमके विधान मला त्या खोलीत करता आले नव्हते.

सत्काराच्या आदल्या दिवशी प्राची मला हिंदमाताला भेटली. तिच्या आईला साडी बदलून घ्यायची होती; आई दुकानात होती आणि आम्ही बाहेर फुटपाथवर.

"तू नाही म्हण," मी म्हणाले. "मी राज्य संघटनेकडे तक्रार करते. अध्यक्ष दाखला अडवून ठेवतो, हा नियमभंग आहे."

"निकाल कधी लागेल?"

"दोन-तीन महिने."

"आणि दाखल्याची तारीख?"

"डिसेंबर संपण्यापूर्वी," मी म्हणाले. ते तिला माहीत होते.

"मॅडम, तुमचं बरोबर असतं. पहिल्यापासून होतं. मैदानात उभं राहू म्हणालात, तेही बरोबर. पण तुमचं बरोबर घेऊन मी पार्सलच स्कॅन करतेय."

"म्हणून त्या दिवसाबद्दल खोटं बोलशील?"

"ते नाही बोलणार."

"मग काय बोलशील?"

"उद्या या. आणि मॅडम, मी काहीही बोलले तरी तुम्ही मध्ये उठू नका. गौतमकाकालाही सांगितलंय. प्रॉमिस करा."

मी वचन दिले. कोणत्या विधानाला आक्षेप घ्यायचा नाही हे न ऐकताच दिलेले ते वचन होते. असे करू नये, हे मी प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांना शिकवते.

हॉल भरला होता. शाल, श्रीफळ, पाहुण्यांची लांबलेली भाषणे. धोंडूभाऊंनी संघाच्या जिद्दीबद्दल बोलताना स्वतःच्या चढायांचे दोन किस्से सांगितले. दाखल्याचा कागद त्यांच्या खिशात घडी करून ठेवलेला होता; तो मला पहिल्या रांगेतून दिसत होता. मग त्यांनी माईक प्राचीच्या हाती दिला आणि मागे हात बांधून उभे राहिले.

"सगळे विचारतायत, पुढे चाल मिळाली होती मग बाद कसे झालो," प्राची म्हणाली. तिचा आवाज मैदानावर असतो तसाच होता, सूचना देतानाचा. "तर त्या दिवशी भाऊंचा फोन माझ्याकडे होता. दिल्लीचा कॉल मी घेतला. ते हिंदीत बोलले, मला नीट समजलं नाही आणि मी हो म्हणाले. भाऊंना मी चुकीचं सांगितलं. चूक माझी. सहा डिसेंबरचा याच्याशी काही संबंध नाही. संघाची आणि तुमची माफी मागते."

धोंडूभाऊंचे हात सुटले. मग ते पुढे आले, माईक घेतला आणि म्हणाले, "लहान आहे. चुकतो माणूस. आम्ही मोठ्या मनाने माफ केलेलं आहे." टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून एक बाई स्पष्ट म्हणाली, "फोनवर धड बोलता येत नाही, आणि निघाली राष्ट्रीय खेळायला." गोलरक्षक वळून तिच्याकडे निघाली, गौतमने तिचा दंड धरला. त्याने वचन पाळले. मीही पाळले.

मला चीड येत होती ती केवळ खोट्याची नव्हती. खोटे पकडता येते. इथे ध्वनिमुद्रण अस्तित्वात होते, त्यात कोणाचा आवाज आहे हे सुनावणीला हजर असलेल्या प्रत्येकाला माहीत होते, त्यातले पाच-सहा जण याच हॉलमध्ये बसून टाळ्या वाजवत होते, आणि तरीही प्राचीचे विधान तिथल्या तिथे सर्वमान्य झाले. धोंडूभाऊंच्या विरुद्ध निवडणूक लढवलेला तो गृहस्थसुद्धा गप्प होता. चूक एका मुलीच्या नावावर गेली की तपासायला काही उरत नाही.

धोंडूभाऊंनी खिशातून कागद काढला, छायाचित्रकाराची वाट पाहिली आणि सही केली. प्राचीने कागद घेतला. स्टेजवर उभी राहूनच स्वतःच्या नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि शिक्का तपासला. शिक्का पुसट होता. तिने तो पुन्हा मारून घेतला. मग ती खाली उतरली आणि कोणाशी न बोलता आईला घेऊन निघून गेली. तिला पुण्याला सोमवारी हजर व्हायचे होते.

नाश्त्याच्या टेबलापाशी धोंडूभाऊ मला भेटले. चेहरा मोकळा होता. हातात बटाटेवड्याची बशी होती.

"बघितलंत मॅडम? मनात काही ठेवलं नाही मी. सही करून टाकली."

मी वचन स्टेजपुरते दिले होते, असे मी ठरवले. "भाऊ, आता इथे कोणी ऐकत नाही," मी म्हणाले. "फोन कोणी घेतला होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत लबाडी नव्हती, ओशाळेपणा नव्हता. प्रश्न विचित्र वाटल्याचे आश्चर्य तेवढे होते.

"प्राचीनं," ते म्हणाले आणि वड्याचा तुकडा तोडला.